मुलुंडची वाडी निघाली

हॅलो?… हॅलो!… हो, मुलुंडच. विद्याधर वकिलांकडेच… कोण? अगं उत्तरा, तू होय! मोठ्याने बोल की गं, भांडुपाहून बोलत्येस की लंडनहून?…

हो, हो… अगं ऐक ना, आधी तुझ्या ताईचं ऐक. सुटलो आम्ही! तुमच्या त्या तीन वाड्यांच्या ग्राहक संघातून आमची वाडी मोकळी झाली!… झाली म्हणजे झाली. काल तुमच्याकडे सभेला आमचे हे स्वतः आले होते ना? एका बैठकीत काम फत्ते. वकील उगाच नाही म्हणत! तुझ्या नवऱ्याला म्हणावं, संघाचे चिटणीस असाल तुम्ही, पण आमच्या ह्यांच्यापुढे…

काय?… हसत्येस काय?

सतरंजीचं कळलंय मला. हो, सभेआधीच मधोमध कापली. वाटणी म्हणजे वाटणी. तिच्यावरचं 'ग्राहक' तुमच्याकडे राहिलं नि 'संघ' आमच्याकडे आला, त्याला कोण काय करणार?… आणि लाउडस्पीकरचा कर्णा आम्हाला, मशीन घाटकोपरच्या वाडीला. आता गणपतीत कर्ण्याला तोंड लावून ओरडू आम्ही, तुला काय त्याचं!… पातेलं आम्हाला, झाकण तुम्हाला. पण बघ हं, तुमचे अध्यक्ष मार्तंडराव मनाचे मोठे. आज सकाळीच झाकण पाठवून दिलं. वर हार घालून. मी म्हटलं, निरोप द्यावा तर असा…

निरोपाचं नाही?… मग कसलं?… परत आल्याबद्दल? कोण परत आलं?

थांब. थांब गं. पहिल्यापासून सांग. हे बोलायला उभे राहिले… बरं… भाषण? ते मला पाठ आहे. आठवडाभर आरशासमोर चाललं होतं. दाढी करताना म्हणायचे, "बंधूंनो, हे जोखड आम्ही झुगारतो!" दोनदा गाल कापला… चांगलं झालं ना भाषण?… मग?… मार्तंडराव म्हणाले, आता नियमाप्रमाणे आपल्या तोंडाने सांगा, जाता की राहता… बरोबर. मग ह्यांनी टोपी घातली… हात जोडले… आणि?… काय म्हणाले?

परत म्हण.

"बराय, येतो आम्ही"?

अगं पण निघताना माणूस 'येतो'च म्हणणार! 'जातो' कोण म्हणतं? तू म्हणतेस? घरातून स्टेशनापर्यंत गेलीस तरी… हो, नियम कळला गं, पण… आणि सभा काय म्हणाली?… टाळ्या? अगं देवा! हे घरी आले ते छाती फुगवून, पेढे घेऊन. म्हणाले, मृणालिनी, काय प्रेमाने सोडलं गं लोकांनी, टाळ्या थांबेनात! आणि ते तिकडे आम्ही आलो म्हणून वाजवत होते?

वाट लागली.

नाही उत्तरा, हसण्यावारी नेऊ नकोस. बाहेर ओटीवर काशीरामशेठ बसलेत… सांताक्रूझचे गं, मालवणी, पापड-लोणच्यांचं मोठं दुकान आहे ते. दिवाळीचे सगळे पापड आमच्या वाडीतून उचलणार. पिठं दळून तयार आहेत, घराघरात पाटलाटणी मांडलीत. शेजारच्या विमलाने तर सुनेचं माहेरपण पुढे ढकललं. शेठची अट एकच, संघाच्या चिटणीसाने फोनवर सांगायचं, ही वाडी आता संघात नाही. तसं ऐकलं की काम पक्कं. नाहीतर ते इथून तडक घाटकोपरला, संघाच्या दुकानात जाणार…

का म्हणजे? तुमचाच नियम ना, वाडीत जे लाटलं जाईल ते संघाच्याच दुकानात जाईल! आणि लाटायचं कसं? मार्तंडरावांच्या घरच्या डब्याच्या झाकणाएवढं. तसूभर मोठं झालं की परत. मिरी अर्धीच, का तर घाटकोपरवाल्यांना ठसका लागतो. अगं, तो पापड खाल्ला की वाटतं, आपल्याला ताप आलाय…

रेशनच्या दिवसांत संघाने तांदूळ दिला, मान्य. कोण नाही म्हणतंय? म्हणून जन्मभर मी झाकण ठेवून लाटू?… हो, माहीत आहे, यंदा सगळं मुलुंड मुंबई पालिकेत शिरलं. शिरू दे. आमची वाडी बाहेर पडणार. आज पडणार. शेठचा चहा संपायच्या आत पडणार!

तुझ्या नवऱ्याला, शरच्चंद्ररावांना दे फोन… काय करतायत?… पेढे वाटतायत? कुणाला?… सगळी सभा पुन्हा जमली? मार्तंडरावसुद्धा? मग झकास! कुणाला हलू देऊ नकोस.

अहो! अहो, इकडे या! धरा हा फोन. एकच शब्द बोलायचा, 'जातो'. भाषण नको… आई, तुम्ही मध्ये पडू नका हो, अशुभ नाही काही त्यात, कामाचं आहे ते… बोला तुम्ही…

द्या. द्या इकडे. हॅलो, उत्तरा? काय ऐकू आलं तिकडे?

"जाऊन येतो"?

अहो!… अगं, सासूबाई समोर डोळे वटारून उभ्या ना, ह्यांची जीभच वळेना. ह्या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला नाही. गाडी जाते तीसुद्धा आमच्याकडे 'सुटते'… मार्तंडराव काय म्हणतात?… "सावकाश या, रजा मंजूर"? रजा कुणाला हवीय!

कोण?… हां, शरच्चंद्रराव, नमस्कार… 'निघतो' म्हणून चालेल म्हणता? मुळीच नको. 'निघतो, निघतो' म्हणत माणसं उंबऱ्यावर तासभर उभी राहतात नि परत आत येऊन चहा पितात. तसलं निघणं नकोय आम्हाला… इंग्रज गेलेच ना? अहो, त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून जमलं!

नाही. ऐका माझं. वाडीतलं कुणीही मोठं माणूस सांगू शकतं ना?… बाईमाणूस?… चालत नाही असं कुठे लिहिलंय?… नाही ना? मग फोन वर धरा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आई, तुम्ही कानांत बोटं घाला… दोन्ही… घातलीत?

ऐका हो सगळे! आम्ही जातो!… जातो! येत नाही, जाऊनही येत नाही! कायमचे जातो!

हॅलो?… ऐकलंत?… कोण रडतंय?… मार्तंडराव? अगं बाई. त्यांना म्हणावं, दिवाळीला पापड पाठवीन हो. माझ्या मापाचा. पाण्याचा तांब्या जवळ ठेवून खा म्हणावं…

मग बाहेर ना आम्ही?… नक्की? पुन्हा म्हणा… "मुलुंडची वाडी संघात नाही." हां! हेच, अक्षरन् अक्षर हेच शेठना सांगायचं. फोन धरून ठेवा… 'येते' नाही म्हटलं मी! नुसतं धरा म्हणत्येय!

आई, काढा बोटं आता. झालं… काढा हो… अहो, शेठना आत बोलवा! शेठ!… काय?… कधी?… आणि तुम्ही काय सांगितलंत?… अहो!

हॅलो… कोण, उत्तरा? आहे गं, आहे मी. शरच्चंद्ररावांना म्हणावं, बसा तुम्ही. शेठ गेले.

अगं, ओटीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं, कायमचे जातो, येत नाही… आम्ही मुलुंडच सोडून चाललो असं वाटलं त्यांना. ह्यांना विचारलं, "कायमचा सोडलात?" हे म्हणाले, "हो, एकदाचं सोडलं. पेढा घ्या."

घेतला.

घाटकोपरला… हो, तिकडेच… जाताना ना? "बरां, येतंय" म्हणाले.