वचन बदलून मिळणार नाही

आजच्या निरोप समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्याने व्यासपीठाच्या कडेला बसलेले मान्यवर पाहुणे, मंडळीचे पंच, आपले निवृत्त होणारे पाळक रेव्हरंड हनोख सरवदे, पाळकीण एस्तेरबाई, आणि माझ्या बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

मागच्या रांगेत ज्यांचा मोबाईल वाजतो आहे त्यांनी तो बंद करावा. मी थांबते.

धन्यवाद. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती आणि त्यांनी त्यांचं काय केलं ते आपण पाहिलं. पाळकसाहेबांना मेंढपाळ म्हणून झालं, वटवृक्ष म्हणून झालं, एकाने दीपस्तंभही म्हटलं. सोलापुरात दीपस्तंभ कशाला लागतो हे मला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

मी एकच प्रसंग सांगणार आहे. पाळकसाहेब वळसंगला राहायला चालले, आता शमशोनचं कसं होणार, असं महिनाभर आपल्यापैकी बरेच जण कुजबुजत आहेत. मोठ्याने कोणी विचारत नाही. म्हणून शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशाळेची, प्रमुख या नात्याने मी बोलते. शमशोन तिसऱ्या रांगेत बसला आहे, रिक्षा चालवतो. त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, “सांगा बाई, पर लई लांबवू नका.”

बाहेरच्या पाहुण्यांसाठी आमची रीत सांगते. नववर्षाच्या सकाळी उपासना संपली की आमच्याकडे समोर एक परात ठेवतात. परातीत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. प्रत्येकाने एक उचलायची, माइकवर वाचायची, आमेन म्हणायचं. ते वचन वर्षभर आपलं. शोधून घ्यायचं नाही आणि बदलून मिळत नाही. हा नियम मी केला. त्याआधी लोक मंडईत वांगी निवडावीत तशी वचनं निवडत होते. आशीर्वाद खिशात घालायचे आणि पश्चात्ताप परातीत परत टाकायचे. नियम योग्य होता. आजही आहे.

ही वचनं महिला मंडळाच्या भगिनी आपापल्या आवडीची लिहून देतात. आता आमच्या गंगम्माआजींना पोटाचा जुना त्रास. सबंध शास्त्रात कोणीतरी पोटाची आपुलकीने चौकशी केली आहे असं त्यांना एकच वचन सापडलेलं. प्रेषित पौल आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, सांगतो, की आता नुसत्या पाण्यावर राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारसही घेत जा. द्राक्षारस म्हणजे त्या काळची दारूच. एका वर्षी आजींनी ते भक्तिभावाने लिहून दिलं.

आणि ती चिठ्ठी निघाली कोणाला? शमशोनला.

त्याची दारू सुटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याच्या बायकोने, रिबकाने, त्याला बजावलं होतं की एक घोट जरी घेतलास तर पोरींना घेऊन अकलूजला माहेरी जाईन आणि परत येणार नाही. रिबका माझी विद्यार्थिनी. ती बोलते तसं करते.

शमशोनने माइकवर वचन वाचलं. उपासनेत कधी नसते इतकी शांतता झाली. मग तो म्हणाला, “आमेन.” मागून कोणीतरी म्हणालं, “नशीब लागतं की!” कोण ते मला माहीत आहे.

रिबका माझ्याकडे आली. “बाई, बदलून द्या.”

मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम.”

तुम्ही म्हणाल, साधी चिठ्ठी ती. पण आदल्या वर्षी त्याला निघालं होतं, की परमेश्वर तुझं जाणं-येणं सांभाळील. त्या वर्षी रिक्षाला ओरखडासुद्धा आला नाही, आणि तीही सोलापुरातल्या रस्त्यांवर. त्यामुळे त्याचा या चिठ्ठ्यांवर गाढ विश्वास. त्याने पाळकसाहेबांना तिथेच गाठलं. “साहेब, ह्ये देवाचं वचन हाय का न्हाय?”

“आहे.”

“मग पाळायचं का न्हाय?”

“पाळायचं. पण पोटासाठी म्हटलंय. ज्या दिवशी पोट दुखेल त्या दिवशी माझ्याकडे ये.”

दुसऱ्या दिवसापासून शमशोनचं पोट रोज दुखायला लागलं.

पाळकसाहेब त्याला पाळकगृहात बसवत, प्रार्थना करत, आणि पेलाभर द्राक्षारस देत. आमच्या प्रभुभोजनाच्या विधीचा रस मी करते, काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून. नशेचा त्याच्याशी काही संबंध नाही. वर पाळकीणबाई त्यात ओवा टाकायच्या. शमशोन म्हणायचा, “साहेब, ह्ये तर औषध हाय!” पाळकसाहेब म्हणायचे, “मग पौलाने तरी दुसरं काय सांगितलंय?”

इथवर हसण्यासारखं आहे. पण मोह काही ओव्याने जात नाही. फेब्रुवारीत एका दुपारी पाळकसाहेब आणि मी शुक्रवार पेठेत एका आजारी भगिनीला भेटून निघालो होतो. देशी दारूच्या एका दुकानाबाहेर ओळखीची रिक्षा उभी. शमशोन दुकानाच्या पायरीवर बसलेला. आत गेलेला नव्हता. हातात ती चिठ्ठी.

मी कान धरायला पुढे झाले. पाळकसाहेबांनी मला अडवलं आणि ते, गळ्यात पाळकाची पांढरी कॉलर तशीच, त्याच पायरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसले. मी उभीच राहिले. कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

शमशोन म्हणाला, “साहेब, वचनानंच मला हितवर आणलं. आता वचन खोटं का मी खोटा? माझा इश्वासच उडाया लागलाय.”

पाळकसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, “सैतानाने प्रभूला मंदिराच्या टोकावर उभं करून वचनच म्हणून दाखवलं होतं. उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभू ते खोटं म्हणाला नाही. असंही लिहिलं आहे, म्हणाला, आणि दुसरं वचन सांगितलं. तूही दुसरं आठव.”

शमशोनने बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, “येशू रडला.”

शब्बाथशाळेतल्या प्रत्येक आळशी मुलाला पाठ असणारं, शास्त्रातलं सर्वांत छोटं वचन. मी म्हटलं, “हे चालणार नाही.” पाळकसाहेब म्हणाले, “चालेल. पुढे?”

पुढे काही येईना. शेवटी त्याने प्रभूची प्रार्थनाच सुरू केली. ती आपण सगळे म्हणतो, निम्मे लोक झोपेत म्हणतात. तोही तशीच म्हणत होता. ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ इथे आला आणि थांबला. त्याने दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. मग रिक्षाकडे पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “देवानं कुटं आणलंय मला? मीच आलोय की. माझ्याच रिक्षानं!”

पाळकसाहेब हसायला लागले. शमशोनही हसायला लागला. दारूच्या दुकानाच्या पायरीवर, भर दुपारी, दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आणि नेमकी तेव्हा रिबका आली, हातात कपड्यांची पिशवी, बरोबर दोन्ही पोरी. शमशोन कुठे बसला आहे हे आपल्यापैकीच कोणीतरी तिला फोन करून कळवलं होतं. त्यांनी आता खाली बघू नये.

रिबकाने दोघांना पाहिलं आणि म्हणाली, “पाळकसाहेब, तुमी बी?”

शमशोन म्हणाला, “अगं, घेतली न्हाय!”

“तोंड उघड.”

त्याने उघडलं. तिने हुंगलं. मग पाळकसाहेबांकडे वळली. मला वाटलं ती संकोचेल. पण मीच तिला शिकवलं आहे, की न्याय सगळ्यांना सारखा. पाळकसाहेबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. एस्तेरबाई, आपल्याला हे ठाऊक नव्हतं हे मला आत्ता आपल्या चेहऱ्यावरून कळतं आहे.

शमशोन उठला, तिच्या हातातली पिशवी घेऊन रिक्षात ठेवली. “स्टँडवर सोडू का घरी?”

“घरी. पर पैसे मागू नको.”

पाळकसाहेबांना मात्र मी हात देऊन उठवलं. गुडघे.

त्यानंतर आजतागायत शमशोनने घेतलेली नाही. चिठ्ठी बदलून मिळाली नाही, वर्षभर तीच होती. म्हणून काल मी त्याला सरळ विचारलं, “पाळकसाहेब चालले. आता तुझं काय?”

तो म्हणाला, “बाई, त्या दिवशी साहेब माझ्याजवळ बसले. पर त्यांनी मला उठवलं न्हाय. उठलो मीच.”

पाळकसाहेब, हे ऐकून आपल्याला वाईट वाटेल की काय, म्हणून मी कालच सांगितलं नाही. पण आपण डोळे पुसता आहात आणि हसताही आहात, तेव्हा मला वाटतं, जाण्यापूर्वी आपल्याला हेच ऐकायचं होतं.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी मला थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल तर क्षमा करावी. जिथे लागावं म्हणूनच बोलले, तिथे मात्र घरी जाऊन विचार करावा.