सिदूने न दिलेली ओ

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. देव हाकेला धावून येतो, हे आपण रोज गातो — टाळ कुटून गातो! बरं, देव धावतो. मग माणूस का धावत नाही? ऐकू येत नाही म्हणून? का ऐकू येऊनही उठवत नाही म्हणून?

सांगतो. ऐका.

बोरमाळ नावाचं गाव. शिकारीला बंदी यायच्या आधीचे दिवस. चैत्रातली सकाळ, ऊन नुकतं चटकायला लागलेलं. सिदू माळावरून खाली आला. सिदू म्हणजे तित्तर धरणारा. खांद्याला झोळी, झोळीत जिवंत पाखरू. बघतो तर अंगणात माणसं! मनात म्हणाला, ‘लेक आली वाटतं सासरहून!’ हसतच पुढं गेला हो! माणसं बाजूला झाली. शेजारचा धर्मा म्हणाला, “सिदूदा... वैनी गेल्या.”

खाली घोंगडीवर ठकू, त्याची बायको. बायका रडताहेत — आणि याच्या झोळीत पाखरू फडफडतंय. झोळी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी धर्मानंच ती काढून घेतली आणि पाखरू सोडून दिलं.

“बांधावर पडल्या होत्या,” धर्मा म्हणाला. “छातीत कळ आली असंल. तुला हाका मारायला गेल्या असतील. पर तू माळाच्या पल्याड. लांब! तुला कसं ऐकू जाणार?”

सिदू घोंगडीपाशी खाली बसला.

आता मंडळी, ही ठकू कोण होती ते कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तित्तर धरायचा तर शिट्टी लागते. सिदूजवळ तीन होत्या. एक कळकाची, म्हणजे बांबूची, जाड आवाजाची; नराला चिडवायला. ‘कोण रे तू, माझ्या हद्दीत?’ असं म्हणत नर भांडायला धावत येतो! (हसताय काय? तुमच्या बांधावर दुसरं काय होतं?) दुसरी मेंढीच्या हाडाची. वारा असला की ही घ्यायची, बारीक आवाज वारा कापून जातो. आणि दव पडलं असेल तर कळकाची बाहेरच काढायची नाही. ओल धरते, आवाज बसतो. तिसरी? तिसरी म्हणजे पळसाचं दुमडलेलं पान. पाखरू जवळ आलं की हळूच, ओठाला लावून.

पण शिट्टी करणाऱ्याला स्वतःच्या शिट्टीची पारख होत नाही. आवाज आपल्याच डोक्यात घुमतो ना! तिला शंभर पावलांवरचा दुसरा कान लागतो. सिदूचा तो कान म्हणजे ठकू. तो गोठ्यामागं बसून वाजवायचा. ती आडाजवळ पाठ करून उभी.

“ही कशी?”

“हा तित्तर न्हाई, सर्दी झालेला कोंबडा हाय!”

“आन् ही?”

“ही नवऱ्यावर रुसलेली दिसतीय. फेका!”

दहा करायचा, ती आठ फेकायला लावायची. चिडायचा, पण फेकायचा. कारण ठकूनं ‘ही’ म्हटलेली शिट्टी कधी रिकामी आली नाही. संसारात दोघं एवढी हसली असतील ती त्या गोठ्यामागंच!

आणि ठकूला स्वतःला शिट्टी लागतच नव्हती. नुसत्या तोंडानं तित्तराच्या मादीचा आवाज काढायची. घरी बोलवायचं तर ती माणसासारखी ओरडत नसे. माणसाच्या आवाजानं माळ रिकामा होतो. ती तित्तर व्हायची. एका हाकेत तीन सूर, मग थांबून दोन. खरं पाखरू असं बोलत नाही. सिदू शिट्टीवर दोन सूर द्यायचा, म्हणजे ‘आलो’. पाखरू अगदी जवळ असलं तर गप्प राहायचा, कारण फासापाशी आलेल्या पाखराला एक सूर जास्त झाला की ते उडालंच! तीही समजायची. म्हणायची, “आज दादला गप्प हाय, म्हंजे कालवण हाय!”

आता त्या सकाळी काय झालं?

सिदू झुडपामागं. समोर फास. नर आलेला, मान ताठ, फासापासून दोन हातांवर. आणि बांधाकडून हाक आली. तीन... मग दोन.

ओळखली त्यानं! ठकूचीच. मनात म्हणाला, ‘भाकरी निवली असंल. थांब वाईच.’

पुन्हा हाक. तीन... मग दोन. जरा दमल्यासारखी.

नर एका हातावर आला.

तिसरी हाक आली. तीन... पुढचे दोन आलेच नाहीत.

मंडळी, सिदूच्या हातात शिट्टी होती. ओठापाशी होती! पण हात हलला नाही. नर पुढं सरकला, फास आवळला. सिदू खूश! मग पाखरू झोळीत घालून, आरामात, वाटेतली करवंदं खात तो घरी आला.

वैद्य पुढं म्हणाले, “तू गेला असतास तरी वाचली नसती.” असेल. पण तिचं डोकं मांडीवर घेतलं असतं की नाही? ‘आलो’ एवढं तरी तिला ऐकू गेलं असतं की नाही?

शिकार त्यानं सोडली. शिट्ट्या करणं मात्र सुटलं नाही. विकायच्या नाहीत, वाजवायच्या नाहीत — करायच्या आणि कोनाड्यात ठेवायच्या. लेक सुंद्रा माहेरी आली की तिला आडाजवळ उभी करतो.

“ही कशी, सुंद्रे?”

“चांगली हाय, बाबा.”

“आन् ही?”

“ही बी चांगली!”

तिला सगळ्याच चांगल्या. तिला कान नाही हो, तिला माया आहे!

एकदा ती आडाच्या कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, “बाबा, आईनं लई हाका मारल्या असतील का वो?” मग आपणच घाईनं म्हणाली, “पर तुम्ही लांब होता. तुमचा काय दोष?”

सिदूनं तोंड उघडलं. आलं होतं ओठावर! मग मान खाली घालून म्हणाला, “व्हय पोरी. लांब होतो.”

मंडळी, तुम्ही मान हलवताय. सिदूसाठी हलवू नका. आज इथं येताना तुम्हाला घरातून कुणी हाक मारली होती का? आतल्या खोलीतून, खाटेवरून? आणि तुम्ही काय म्हणालात? ‘आलोच’ म्हणालात, का तेही नाही? देवाला हाक मारायला इथवर चालत आलात. त्या हाकेचं काय केलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

सिदू आज पंच्याहत्तरीला आला आहे. सुंद्रा दर महिन्याला येते, दोन दिवस राहते, भाकऱ्या थापते, परत जाते. हाक ऐकू आली होती, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.