उसळणारी गाडी

पंक्चर काढून होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक वडील आणि त्यांची लेक. समोर मेकॅनिक.

"अ‍ॅक्सिलेटर जरा पिळला की गाडी नुसती उसळते हो!"

"आत्ताच चक्कर मारून आलो, काका. मला तर नाही उसळली."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"बाबा, चहा घ्या. दोन्ही हातांनी धरा. अर्धाच भरलाय, सांडणार नाही. दादा, तो वेगळा पार्ट मिळतो ना? मूठ जास्त पिळली गेली तरी गाडी हळूच उचलते, तो?"

"मिळतो. कंपनीचा नाही, बाहेरचा. पण ताई, गाडीत तसं काहीच..."

"बसवा तुम्ही."

पार्ट बसला. वडील गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"बघ! मी म्हणत नव्हतो, दोष गाडीतच आहे म्हणून? आता कशी गरीब गाईसारखी चालतेय!"

"हो, बाबा. तुमचंच खरं. निघू या?"

"ही घे किल्ली. तू चालव, मी मागे बसतो."

"का हो? आता तर नीट झाली ना?"

"गाडी झाली."