बटाट्यावरची लाल रेघ

जर्मन परीक्षेच्या फेरतपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“ताई, पास झालीस ना? मग इथे कशाला ताटकळतेस?”

“बटाट्याला मी एर्डआपफेल लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ मारली! म्हणे, पुस्तकात कार्टोफल आहे.”

“मग कार्टोफल लिहायचं की!”

“का म्हणून? मी ज्या जर्मन आजींना सांभाळायचे, त्या दक्षिण जर्मनीतल्या. तिकडे घरोघरी एर्डआपफेलच म्हणतात.”

“अगं, एका मार्कासाठी एवढं?”

“मार्क गेला खड्ड्यात! शेवटी शेवटी आजी घासच घेईनात. त्यांना माझं नावही आठवेना. पण एर्डआपफेल म्हटलं की तोंड उघडायच्या. तेव्हा कुठे होतं यांचं पुस्तक?”