येळवशीची जीप

हॅलो?… हां अक्का, बोल… मोठ्यानं बोल गं, शेतात वारं लय हाय… मानवतला आलात? चहाला थांबलात म्हण की… हो, हो, येळ अवसेच्या पूजेचं समदं तयार हाय. कडब्याची कोप बांधून झाली, समद्या भाज्यांची भज्जी शिजायली. आमच्या ह्यांनी आंबिलीचं मडकं डोक्यावरून आणलं, निम्मी आंबील सदऱ्यावर… हस, हस. ते बी हसायलेत.

प्रियांका? हितंच हाय की… अगं खरंच. दरसाल येळवस आली की पोट दुखतंय म्हणून घरात पडून ऱ्हायची पोरगी, ती आज गाणं म्हणत बाजरीचे उंडे वळायली… सांगते ना. काल सांजेपासून तुला फोन लावायले, तुझा बंदच.

जीपमधी कोण कोण हाय?… तू, सूनबाई, वैदेही… अन् तुझा दीर महारुद्र बी.

अक्का, फोन घिऊन जरा बाजूला हो. नातीला संगं घे… न्हाई गं, कोणी मेलं न्हाई. तिचा हात धरलास का?… हां. आता ऐक.

महारुद्रला हितं आणू नको… अगं ऐक ना. काल सकाळी तू म्हणलीस, वैदेहीचं पोट दुखायलंय, महारुद्रकडं अंगारा लावायला धाडते. धाडलं न्हाईस ना?… ओवा देऊन निजवलंस? लय बरं केलंस, माय माझी.

मी ते सहज प्रियांकाला सांगितलं अन् ती परात ठिवून उठली. म्हणली, "आई, वैदेहीला त्याच्याकडं एकटीला पाठवू नका." मग समदं सांगितलं. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडं यायची तवाचं. दार लावून अंगारा लावायचा तो… हो. तुला जे वाटायलंय तेच.

खोटं कशाला बोलंल ती?… इतकी वरसं गप का? मी बी तेच इचारलं. त्यानं सांगितलं होतं, बोललीस तर देव तुझ्या आईला नेईल. समदी गल्ली ज्याच्या पाया पडायची, त्याचं लेकराला खरंच वाटणार की… अन् तिनं सांगितलं न्हाई असं तरी कसं म्हणावं? पोट दुखतंय, हेच तिचं सांगणं होतं. आपुन काय म्हणायचो? जा, महारुद्रकाकाकडून अंगारा लावून घे. दुखणं अन् दवा एकाच दारात. मग लेकरानं जावं कुठं?… मोठी झाली तवा वाटलं, मावशीचं घर मोडंल. तुझ्यापायी गप बसली गं ती.

रडू नको… ऐक तर. पोरगी हलकी झालीय अक्का. मी म्हणलं, यंदा येळवस ऱ्हाऊ दे. तर म्हणली, इतक्या येळवशी त्याच्यापायी गेल्या, ही मी जाऊ देत न्हाई. उद्या पोलीस ठाण्यात जायचं बी तिनंच ठरवलं. रातीच एका वकीलबाईंना फोन केला, त्या म्हणल्या, वरसं गेली म्हणून तक्रार जात न्हाई. आमचे हे तर बांधावरच उभे हायत, त्याला शेतात पाय टाकू देणार न्हाईत.

थांब, ती काय तरी म्हणायली… अक्का, ती म्हणायली, मावशीला एकच इचार. माझ्यावर इश्वास हाय का?

अक्का, कुणाला बोलायलीस?… अगं बया. प्रियांका, ये, कान लाव हितं. मावशी महारुद्रची पिशवी उतरवायली जीपमधून. भर रस्त्यात. त्याला म्हणायली, माझ्या पोरीनं सांगितलं ते खरं.

ऐकलंस का गं?… अक्का, ती रडायली बी अन् हसायली बी. मी बी… हो, हो, त्याला तिथंच सोडून निघा आता. भज्जी शिजत आली… कोण? त्या मोकळ्या जागंवर परभणीहून आपल्या बायनाकाकूला घ्यायचं? घ्या की… थांब, प्रियांका न्हाई म्हणायली. काय गं?… अक्का, ती म्हणायली, काकू ईल मागच्या जीपनं. त्या जागंवर वैदेहीला पाय पसरून झोपू द्या… हॅलो?… अक्का?… गेली रेंज.