झाडं वजा करून

मुरबाडच्या एसटीत पुढच्या सीटवर एका मुलाशेजारी बसलेल्या मुलीच्या मोबाइलमधल्या नकाशातला सिद्धगड हिरवा नव्हता, राखाडी होता. मागच्या गीताबाईंनी मान लांब केली.

"उपग्रहाला वरून झाडांचे शेंडेच दिसतात, सुयोग. ते वजा केले की खरा डोंगर."

"पाठ झालंय, कुणाली. नकाशावरून झाडं उतरली की लग्नाचं सांगते, असं म्हसाच्या जत्रेत बोललीस तू."

"बोलले."

"मग उतरली ना?"

"एका कड्याची उंची जुळत नाय."

"कितींदा चढलो मी तो कडा मोजायला."

"परत चढशील?"

"चढेन. पन तू सोबत ये."

"अरे, जुळली रे ती. मागच्याच महिन्यात."

"मग मला कशाला चढवलंस गो?"

"मोजून आलास की थेट मला सांगायला येतोस. म्हणून."

गीताबाईंचा थांबा मागे गेला. त्या उठल्या नाहीत.

"आनि आता?" सुयोगनं विचारलं.

"आता घरी सांग. करूया लग्न."