मागच्या चाकाची हवा

अरे नाही रे मोतीराम, असं नाही — आधी पुढचं चाक, मंग मागचं, चित्रात दाखवलं आहे ना! पुस्तक उलटं धरून वाचशील तं ज्यानं छापलं त्यानं तरी काय करावं? आण इकडे, चष्मा आहे माझ्यापाशी. हे पाह. ही दोन टोपणं. चाकाच्या नळीवर ते काळं टोपण असते ना, ते काढायचं आणि त्याच्या जागी हे फिरवून बसवायचं — सेन्सर याच्यातच आहे. आणि ही डब्बी हँडलवर. चाकात हवा किती, ते इथं आकड्यात दिसते. तार नाही, काही नाही. हवा कमी झाली का डब्बी बोंबलते. बस. रॉकेट नाही सोडायचं आपल्याले. तुझ्या बाबानं एवढं चालतं दुकान तुझ्या हातात दिलं, अख्ख्या राइट टाउनच्या गाड्या इथं येतात, आणि तू एका टोपणापुढे असा बसला जसा पेपरले बसला!

काय? — मले कसं समजते? काहून, बाईमाणसानं टोपण फिरवू नये असा कायदा निघाला का? सरकारी दवाखान्यात अख्खी उमर लोकायचं बीपी पाहिलं मी. पट्टा बांधायचा, हवा भरायची, काटा पाहायचा. तुझं चाक आणि माणसाचा दंड, फरक इतकाच, का चाक ‘शेवंता सिस्टर, मले काहीच नाही झालं’ म्हणून खोटं बोलत नाही. माणूस बोलते. अंगात ताप फणफणून राहिला आणि तोंडानं म्हणते, मी एकदम ठीक. म्हणून मी कधी तोंडाले विचारलंच नाही, काट्याले विचारलं.

हळू बोल मात्र. तुझे काका तिथं चहाच्या टपरीवर बसले आहेत — ते पाह, आपल्याकडे पाठ करून. रुसले. म्हणाले, माझ्या गाडीले थर्मामीटर लावून राहिली तू, मी काय मेलो का? मी म्हटलं, मी कुठं लावून राहिले, नवे टायर घेतले त्याच्यावर फ्री भेटलं, फ्रीचं कोणी सोडते का. आता ते विचारतील तुले. तूही तेच सांगजो — काका, टायरवर स्कीम होती, फ्री में आया है. समजलं? काहून म्हणजे काय काहून? तुले जितकं सांगितलं तितकं सांग ना! मेकॅनिक आहे का वकील आहे?

तुले माहीत आहे ना त्यायचा अंगठा? — माहीत कसं नसन, तुझ्या बाबानंच डोक्यावर चढवून ठेवलं. ‘अंबादासभाऊचा अंगठा!’ फॅक्टरीत होते तेव्हा साहेबलोक आपल्या गाड्या दाखवत त्यायले. आणि रविवारी आमच्या दारात वस्तीतल्या स्कूटरी — एक गेली का दुसरी. हे बनियनवर उभे, मधे मधे मिशीवरून हात, चाकावर अंगठा दाबायचे, डोळे मिटायचे आणि बोलायचे, ‘अठ्ठावीस.’ तो बिचारा पंपावर जाऊन मोजायचा तं अठ्ठावीस! मंग काय, परत येऊन पाया पडायचंच बाकी. मले इतकं हसू ये — हवा सांगून राहिले का आशीर्वाद देऊन राहिले! भाजीत मीठ कमी आहे का जास्त, ते कधी नाही समजलं या माणसाले, पण दुनियेच्या चाकातली हवा समजे. असा नवरा मले भेटला.

थांब, थांब — काय केलं तू? हवा पुढची काढली आणि आकडा मागचा उतरून राहिला! उलटं जोडलं, मोतीराम. पुढच्याले मागचं आणि मागच्याले पुढचं. दवाखान्यात असं केलं असतं तं एकाचं दुखणं आणि दुसऱ्याले सुई. काढ, काढ. आता बटण दाबून धर, लाइट लुकलुकला का सोड, मंग पुढचं टोपण फिरव... हां. आलं ना? चलो, अक्कल आली. आता मागचं.

आता काय विचारते ही डब्बी? — सिंगल का डबल. म्हणजे गाडीवर एकटा माणूस बसते का मागं कोणी असते, असंच ना? एकट्याले कमी हवा पुरते, दोघं असले तं मागच्या चाकात जास्त लागते. सिंगल लाव. अरे लाव ना सिंगल, माझ्या तोंडाकडे काय पाहून राहिला! मी नाही बसत गाडीवर. तो ऑटो उभा आहे ना तिथं, निळा, तो माझा. आज इथंही तशीच आले — पुढं ऑटो, मागं गाडीवर हे. बाजारात तसंच, विहारात तसंच, पोरीच्या घरी तसंच. लोक हसतात. हसू दे. मी आपली ऑटोत आरामात, वाऱ्यानं केस विस्कटत नाहीत, काही नाही.

दसऱ्याले नागपूरले जातील ते, दीक्षाभूमीवर, म्हणून तं हे सारं लावून राहिले. पहिले दोघं जात होतो, गाडीवरच. लग्न झाल्यापासून एक दसरा चुकला नाही. अंधारात निघायचं, लखनादौनले चहा, पुढं शिवनीले थांबून भाकरीचं फडकं सोडायचं. पांढरी साडी मी पिशवीत ठेवायची, धुळीनं खराब होईल म्हणून, आणि कामठीले बहिणीच्या घरी नेसायची. कुरईच्या घाटात थंडी वाजे तं ह्यायच्या पाठीले चिकटून... जाऊ दे. आता मी महिला मंडळाच्या बसनं जाते. भल्लं चांगलं वाटते! बेबीताई घाट लागला का माझ्या खांद्यावर डोकं टाकते आणि पोटातलं सारं बाहेर काढते. बाकीच्या जणी बारा गावच्या गोष्टी करतात. आणि तुझे काका? बसच्या मागं मागं, गाडीवर, धूर खात. पुढं निघून जा म्हटलं तं जात नाहीत. मी मुद्दाम शेवटच्या सीटवर बसते, काच पुसत राहते आणि पाहते त्यायच्याकडे. असा तमाशा. या वयात.

तुले काय वाटते, मी भिऊन बसत नाही? साऱ्यायले तेच वाटते. सिहोऱ्याहून येताना पडलो ना आम्ही, तेव्हापासून. हे पाह मनगट, अजून आत स्टीलची पट्टी आहे, थंडीत ठणकते. रस्त्यावर रेती होती, असं सारे म्हणाले. पोरगी म्हणाली रेती, तुझा बाबा म्हणाला रेती, मीही म्हटलं — रेती. रेती कुठली! रस्ता असा साफ होता का पापड वाळवावे. निघताना मीच म्हटलं होतं, अजी, मागचं चाक बसल्यासारखं दिसते, पंपावर दाखवू. तं यायले राग. ‘मले शिकवते?’ वाकले, अंगठा दाबला, डोळे मिटले. ‘दगड आहे. बस.’ बसले मी. आणि पहिल्याच वळणावर मागचं चाक असं लचकलं...

आता कसं चुकलं म्हणजे? तूच सांगून राहिला ना, काकांचा अंगठा कधी चुकत नव्हता? मंग? — चूक नाही रे ती. चुकलं असतं तं मी कधीच बोलले असते, मी काय सोडणारी बाई आहे का! भांडले असते, पुन्हा मागं बसले असते. शुगर आहे ना त्यायले, किती वर्षांपासून. गोळी दिली तं खातात, नाही दिली तं जिलेबी खातात. एक दिवस पाहिलं मी, उकळत्या दुधाचं भांडं हातात धरून उभे, आरामात गोष्टी करून राहिले. मी ओढलं तं अंगठ्याले हा एवढा फोड. म्हणतात, अरे हो, लागलं वाटते. वाटते! मंग दुसऱ्या दिवशी मी पिन घेऊन बसले. म्हटलं, हात द्या, कुसळ गेलं आहे तुमच्या अंगठ्यात, काढते. त्यायनं हात दिला आणि तोंड तिकडे केलं. मी पिन नुसती धरली होती, हवेत, लावली नव्हती अजून — तं म्हणतात, ‘हळू, हळू, टोचते ना!’

मी अजून लावलीच नव्हती, मोतीराम.

मंग लावली. चांगली दाबून लावली, रक्ताचा थेंब आला. तं चूप. काही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून राहिले.

हे काहून सांगून राहिले मी तुले? हात चालव ना तुझे, पाना कुठं आहे, काम कर. आणि ऐक, हे इथंच राहिलं पाहिजे. तुझ्या बाबाजवळ नाही, टपरीवर नाही. त्यायले माहीत नाही का मले माहीत आहे. अजून रविवारी कोणी पोरगं स्कूटर घेऊन येते, ते बाहेर जातात, दाबतात, डोळे मिटतात. मी आतून ऐकते. आणि तो गेला का मी त्याले गल्लीच्या तोंडावर गाठून सांगते, बेटा, पंपावर एकदा दाखवून घेजो, हं. चोरासारखी फिरते मी माझ्याच गल्लीत, त्या एका अंगठ्यापायी! फॅक्टरी सुटली, डोळ्याले चष्मा आला, दात गेले, त्याचं काही नाही वाटलं या माणसाले. पण हे समजलं जगाले तं उठणार नाहीत ते. मूर्ख माणूस. एकदम मूर्ख. हात पोळला तरी बायकोले नाही सांगत — मी कोण, परकी आहे का? अख्ख्या दुनियेच्या जखमा धुतल्या मी.

नाही, रडून नाही राहिले. तुझ्या दुकानात पेट्रोलचा वास आहे.

चलो, आता अलार्म पाह. मोठ्या स्टँडवर उभी आहे ना? मंग मागची हवा काढ — आणखी काढ, घाबरू नको, वाजेपर्यंत काढ. आकडा पाह, वीस... अठरा... वाजली! अच्छा! कशी बोंबलून राहिली पाह, बेबीताईसारखी. दाब, दाबून पाह चाक. पिलपिलं झालं ना, पिकल्या सिताफळासारखं? आणि अधर आहे म्हणून वरून पाहून काही समजतही नाही. आता भर परत, आणि मी सांगितलं तसं सिंगल ठेवून —

चूप. उठले ते. येऊन राहिले. नळी ठेव खाली, आता नको भरू, ठेव म्हटलं ना.

झाला का चहा, अजी? हो, बसवलं, झालंच. काही नाही, मोतीराम जरा चेक करून राहिला. तुम्ही काहून हात काळे करता... अजी, राहू द्या ना. मागचं आताच... बरं. दाबा. दाबा, मी कोण नाही म्हणणारी.

...

दगड आहे?

हो. हो जी. दगडच असन, तुम्ही म्हणता तं. — ही? ही उगाच वाजून राहिली, नवी आहे. फ्रीचा माल, तुम्ही म्हणत होता तेच बरोबर. हातानं झाकून धरली मी, चूप होते आता. तुमच्या अंगठ्याची सर येणार आहे का हिले! ऐका, तुम्ही एक काम करा. तो माझा ऑटोवाला थांबला आहे ना तिथं, त्याले जाऊन सांगा, जा म्हणा, नको आता. हो, नको म्हटलं. ऐकू येते ना? जा ना, असे उभे काय राहिले, जा!

गेले.

माझ्या तोंडाकडे पाहू नको, मोतीराम. हवा भर. आणि ते सिंगल काढ.